दाराचे सहा तास

हॅरिसबर्गच्या कॅपिटॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
मी एका दाराचं चित्रीकरण करते आहे.
ओकचं असावं. पितळी मूठ.
मुठीत अख्खा व्हरांडा बुटका होऊन बसलेला,
आणि त्यात मी,
माझ्या कॅमेऱ्याहून लहान.

चॅनेलवरून निरोप आहे: लाल दिवा चालू ठेव,
फ्रेममध्ये फक्त दार.
काही घडलं तर? मी विचारलं.
घडलं तर आत घडेल, ते म्हणाले.

गेल्या ऑक्टोबरात शमोकिनच्या फायर हॉलमध्ये
मीच होते, हीच लेन्स घेऊन.
तो बाह्या दुमडून म्हणाला होता,
औषधांच्या किमती तुमच्या डोळ्यांदेखत ठरतील,
कोण कुठल्या खुर्चीत, कोण कुणाच्या कानाशी,
सगळं कॅमेऱ्यासमोर.
लोक उठून उभे राहिले.
एक डोळा मिटलेला, एक भिंगाला लावलेला,
तरी मी टाळ्या वाजवल्या.
त्या जागी चित्र हललं आहे.
फाइल काढून बघा, अजून हलतं.

पावणेसहा. तीन माणसं आली, उंची बूट,
दारापाशी येताच गळ्यातली ओळखपत्रं
शर्टाच्या खिशात सरकवली,
देवळात शिरताना चपला काढाव्यात तितक्या सवयीनं.

सव्वासात. पिझ्झा आत गेला.

बाकावर विल्मा क्रॅट्झर. महानॉय सिटीहून,
दोन बस बदलून. मांडीवर निळी थंड पिशवी,
तीत इन्सुलिनची शेवटची कुपी आणि अर्धं सफरचंद.
प्रचाराचं पत्रक चार घड्या करून
तिनं बाकाच्या डगमगत्या पायाखाली घातलंय.
आता नीट बसतंय बघ, म्हणते.

मी दिसते का यात?
मी तिला बघू दिलं.
तिनं बराच वेळ दार पाहिलं,
मग म्हणाली, रंग छान आलाय.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं.
चार सेकंद.
रिकामी खोकी घेऊन एक पोरगा बाहेर आला,
त्याच्या खांद्यावरून दिसली
पांढऱ्या फळ्यावर डस्टर फिरवणारी एक बाही,
आणि पुसता पुसता राहिलेला
एक आकडा. तीन असेल किंवा आठ.
मी नंतर चौकट चौकट करून पाहिलं.
तीन असेल. किंवा आठ.

पावणेबाराला विधेयक आलं,
छपाईनं अजून कोमट, तेराशे बारा पानं.
मतदान सकाळी नऊला.
विल्मानं ते दोन्ही हातांत तोललं,
बाजारात भोपळा तोलतात तसं,
मी कितव्या पानावर आहे? विचारलं.
अनुक्रमणिका नव्हती.
तिची शेवटची बस गेली होती.
माझ्या गाडीत ती पिशवी पोटाशी धरून झोपली,
सस्क्वेहाना नदी उजव्या हाताला, काळी, मुकाट.

सकाळी प्रवक्ता सांगत होता:
सहा तासांची पूर्ण बैठक, अखंड,
जनतेसाठी प्रक्षेपित.
खोटं नाही. कॅमेरा होता. बैठक होती.
मध्ये दीड इंच ओक.
फाइलीच्या नोंदीत 'विषय' असा रकाना आहे,
मी लिहिलं, दार.
कुणीतरी वर ते खोडून 'चर्चा' केलं.

आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची.
आणि लबाडाचं पितळ उघडं पडतं, असंही तीच म्हणायची.
तिसऱ्या मजल्यावर दोन्ही एकाच दाराला आहेत:
पितळ उघडंच आहे, रोज पुसून लखलखीत,
मूठ झाकलेली.

किती लाखांची, मला ठाऊक नाही.
विल्माला कळेल, एक तारखेला,
औषधांच्या दुकानात,
मागे रांग उभी असताना.